रेस सोडल्यावर इंजिन इंधन तोडते, हे मायलेज दाखवणाऱ्या मीटरला कसे समजवायचे

लांबलचक उतार, तिसरा गिअर, वेग ताशी ४१ किलोमीटर आणि उजवा पाय रेसच्या पेडलवरून पूर्ण उचललेला. इंजिन चांगले तापलेले असेल, तर अशा वेळी इंजेक्शन असलेल्या पेट्रोल इंजिनात इंधनाचा थेंबही जात नसतो. तरीही मोबाईलवरचे अ‍ॅप मला सांगत होते, की गाडी ताशी १.० लिटर पेट्रोल जाळते आहे आणि मायलेज लिटरला ४१ किलोमीटर पडते आहे. त्या वेळी मी या आकड्याकडे दुर्लक्ष केले, टाकी दोनदा फुल करून अ‍ॅपला दुरुस्तीचा गुणक दिला आणि हिशेब जुळला असे समजून निश्चिंत झालो. तो जुळला होता तो केवळ त्या चढउताराच्या रस्त्यापुरता. सपाट महामार्गावर गाडी नेताच आकडे पुन्हा भलतेच येऊ लागले, आणि चूक गुणकात नसून कामाच्या क्रमात आहे, हे उमगायला मला दोन महिने लागले.

ज्यांनी नुकताच गाडीच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनाच्या संगणकातले आकडे बाहेर वाचता येतात त्या जोडणीला) अ‍ॅडॉप्टर लावला आहे आणि ज्यांना समोर येणाऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवावा की नाही हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. पाचवी पायरी होण्याआधी सहावी केली, तर माझ्यासारखीच दोन्ही पुन्हा करावी लागतील.

लागणारे साहित्य

ओबीडी अ‍ॅडॉप्टर हवा. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त अ‍ॅडॉप्टर ईएलएम ३२७ या चिपच्या धर्तीवर बनवलेले असतात आणि या कामाला ते चालतात. मात्र त्यांतले काही फार संथ असतात, त्याविषयी पुढे येईल. अ‍ॅप असे निवडावे, की ज्यात कोणते आकडे मागवायचे ते तुम्हाला ठरवता येते, स्वतःचे सूत्र लिहिता येते आणि सगळ्या नोंदी फाइलमध्ये साठवता येतात. याखेरीज एक वही, टाकी भरल्याच्या पावत्या, रहदारी नसलेला मोकळा रस्ता आणि शेजारच्या सीटवर बसून आकडे पाहणारी एक व्यक्ती लागेल. गाडी चालवता चालवता स्वतः मोबाईलकडे पाहत चाचणी करू नये. फाइलमध्ये नोंदी साठत असतातच, त्या घरी आल्यावर वाचता येतात.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल मोटारींना ओबीडी सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट असले, तरी त्यातून प्रमाणित आकडे मिळतीलच असे नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीला यातले काहीच लागू पडत नाही.

१. इंजिन नेमके काय करते ते आधी समजून घ्या

गाडी गिअरमध्ये असते आणि तुम्ही रेस पूर्ण सोडता, तेव्हा चाके इंजिनाला फिरवत असतात. फिरत राहण्यासाठी इंजिनाला त्या क्षणी स्वतःच्या स्फोटांची गरज नसते. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, हे कळते आणि ते इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) उघडणेच थांबवते. पिस्टन वरखाली होत राहतात, थोडी हवा आत ओढली जाते आणि तशीच सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण तिच्यात पेट्रोल मिसळलेले नसते. यालाच फ्युएल कट म्हणतात.

त्यासाठी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. इंजिन पुरेसे तापलेले असावे लागते, पेडलवर पाय अजिबात नसावा लागतो आणि फेरे एका मर्यादेच्या वर असावे लागतात. फेरे घटत घटत साधारण १,००० ते १,५०० आरपीएमच्या दरम्यान आले, की इंजिन बंद पडू नये म्हणून ईसीयू इंधन पुन्हा सुरू करते. ही मर्यादा प्रत्येक गाडीत वेगळी असते आणि एसी चालू असताना किंवा इंजिन थंड असताना ती वर सरकते. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागाचा) लॉक सुटला, तर चाकांचा जोर इंजिनापर्यंत पुरेसा पोहोचत नाही, फेरे झटकन खाली येतात आणि फ्युएल कट लवकर संपतो. पाय उचलताक्षणी इंधन तुटते असेही नाही. झटका बसू नये म्हणून ईसीयू बहुधा अर्धा ते एक सेकंद थांबते.

या काळातले अंतर फुकटात कापले गेले, असे मात्र समजू नये. गाडीला मिळालेला वेग किंवा गाठलेली उंची आधी पेट्रोल जाळूनच कमावलेली असते आणि आता ती खर्च होत असते. मीटरने मात्र पेट्रोल जेव्हा जळते तेव्हाच मोजावे आणि जळत नाही तेव्हा शून्य दाखवावे, एवढीच आपली अपेक्षा आहे.

२. तुमचा मीटर पेट्रोल कशावरून मोजतो ते ओळखा

गोंधळाचे मूळ इथे आहे, म्हणून या पायरीवर सावकाश जावे.

गाडीच्या स्वतःच्या डॅशबोर्डवरचा मीटर इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून पेट्रोल मोजतो. इंजेक्टर बंद, तर खर्च शून्य. त्यामुळे फ्युएल कटच्या वेळी तो सहसा फसत नाही. अशा वेळी तो १०० किलोमीटरला ०.० लिटर असे दाखवतो, किंवा किलोमीटर प्रति लिटर दाखवत असल्यास ९९.९ सारख्या कमाल आकड्यावर जाऊन थांबतो, कारण शून्याने भागता येत नाही.

ओबीडीला जोडलेल्या अ‍ॅपला इंजेक्टरची वेळ बहुतेक गाड्यांत मिळत नाही. ते इंजिनात जाणारी हवा मोजते आणि हवेवरून पेट्रोलचा अंदाज बांधते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा लागते आणि १ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४५ ग्रॅम भरते. म्हणून हवेचा प्रवाह दर सेकंदाला जितके ग्रॅम असेल, त्याला ०.३३ ने गुणले की ताशी लिटर मिळतात. सेकंदाला ३ ग्रॅम हवा म्हणजे ताशी जवळपास १ लिटर पेट्रोल. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर हा आकडा पीआयडी १० मध्ये थेट मिळतो (पीआयडी म्हणजे ओबीडीतून मागवायच्या प्रत्येक आकड्याचा ठरलेला क्रमांक). तो नसेल तर अ‍ॅप मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब (पीआयडी ०बी), आत येणाऱ्या हवेचे तापमान (०एफ), फेरे (०सी) आणि तुम्ही सांगितलेली इंजिनाची क्षमता यांवरून हवेचा हिशेब करते.

आता उतारावरच्या त्या ४१ च्या आकड्याचा उलगडा होतो. इंजेक्टर बंद असले तरी पिस्टन हवा ओढतच असतात. सेन्सर ती हवा इमानेइतबारे मोजतो, आणि एवढी हवा गेली म्हणजे तिच्यासोबत तेवढे पेट्रोलही गेलेच असणार, असे अ‍ॅप धरून चालते. या न जळलेल्या पेट्रोलला मी पुढे ‘भुताचे पेट्रोल’ म्हणणार आहे; वहीत मी तोच शब्द लिहीत असे.

काही नव्या गाड्या पीआयडी ५ई मध्ये ताशी लिटर थेट देतात. तुमच्या गाडीत तो मिळत असेल आणि रेस सोडल्यावर शून्यावर येत असेल, तर तोच वापरावा आणि सरळ सहाव्या पायरीवर जावे. डिझेल गाडीत हवेवरून पेट्रोलसारखा हिशेब करण्यात काहीच अर्थ नाही, कारण डिझेल इंजिनात हवेचे आणि इंधनाचे प्रमाण भारानुसार सतत बदलते. तिथे ५ई मिळाला तर ठीक, नाहीतर टाकी फुल करून वहीत हिशेब ठेवणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

३. तुमची गाडी इंधन तोडते का आणि केव्हा, ते तपासा

अ‍ॅपमध्ये पुढील पाचच गोष्टी मागवाव्यात: फेरे, वेग, थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, स्थिती (पीआयडी ११), हवेचा प्रवाह आणि पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज (पीआयडी १४). याहून जास्त मागवू नये. संथ अ‍ॅडॉप्टर एकेक आकडा विचारत बसतो. आठदहा गोष्टी मागवल्या तर प्रत्येक आकडा दीडदोन सेकंदांनी एकदाच बदलतो आणि छोटे फ्युएल कट नोंदीतून निसटतात.

इंजिन पूर्ण तापवून घ्यावे, एसी बंद करावा, मोकळ्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरचा वेग धरावा, मागे कोणी नाही हे पाहावे आणि क्लचला हात न लावता, म्हणजे खरे तर पाय न लावता, रेस पूर्ण सोडावी. वेग ३० च्या खाली येईपर्यंत तसेच राहावे. माझ्या वहीतली एका चाचणीची नोंद अशी आहे:

पाय उचलण्याआधी: फेरे २,४५०, थ्रॉटल २१ टक्के, हवा ११.८ ग्रॅम, ऑक्सिजन सेन्सर ०.७१ व्होल्ट.
१ सेकंदानंतर: फेरे २,४१०, थ्रॉटल १३.७, हवा ३.४, सेन्सर ०.०८.
२ सेकंदांनंतर: फेरे २,३००, थ्रॉटल १३.७, हवा ३.२, सेन्सर ०.०३.
१० सेकंदांनंतर: फेरे १,२८०, थ्रॉटल १३.७, हवा २.१, सेन्सर ०.०३.
११ सेकंदांनंतर: फेरे १,१९०, थ्रॉटल १४.३, हवा २.४, सेन्सर ०.६४.

या पाच ओळींत सगळी गोष्ट आहे. जुन्या पद्धतीचा ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरमध्ये जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला आहे ते सांगतो. नेहमीच्या चालण्यात तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत असतो. पेट्रोल तुटले की सायलेन्सरमधून निव्वळ हवा जाते, आणि सेन्सर शून्याच्या जवळ जाऊन तिथेच पडून राहतो. वरच्या नोंदीत दुसऱ्या सेकंदापासून दहाव्यापर्यंत तो ०.०३ वर झोपलेला आहे आणि अकराव्या सेकंदाला, फेरे १,२०० च्या खाली येताच, एकदम जागा झाला आहे. म्हणजे या गाडीत इंधन परत सुरू होण्याची मर्यादा १,१९० ते १,२८० च्या मध्ये कुठेतरी आहे.

आता हवेच्या आकड्याकडे पाहावे. दहाव्या सेकंदाला २.१ आणि अकराव्याला २.४. पेट्रोल शून्यावरून सुरू झाले, पण हवेत बदल जेमतेम झाला. हवेवरून हिशेब करणाऱ्या अ‍ॅपला हे दोन क्षण जवळजवळ सारखेच दिसतात. केवळ हवा पाहून फ्युएल कट ओळखता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला सापडलेला नाही.

तुमच्या गाडीत नव्या पद्धतीचा, रुंद पट्ट्याचा सेन्सर असेल, तर पीआयडी १४ ऐवजी २४ किंवा ३४ मध्ये लॅम्ब्डाचा, म्हणजे हवा गरजेच्या किती पट आहे याचा, आकडा मिळेल. नेहमीच्या चालण्यात तो १ च्या आसपास असतो आणि पेट्रोल तुटले की २ च्या जवळ जाऊन अडकतो. व्होल्टेज दिसत नाही म्हणून सेन्सर बिघडला असे समजू नये. मी एका मित्राच्या गाडीत अर्धा तास याच गैरसमजात घालवला आहे.

पीआयडी ०३ हाही एक साक्षीदार आहे. तो इंजिनाचे इंधन-नियंत्रण कोणत्या अवस्थेत आहे ते सांगतो. त्यात २ आला तर ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यानुसार नेहमीचे नियंत्रण चालू आहे, आणि ४ आला तर इंजिनावर भार जास्त आहे किंवा रेस सोडल्यामुळे इंधन तोडलेले आहे. सापळा या ‘किंवा’मध्ये आहे. चढावर रेस पूर्ण दाबली असतानाही ४ येऊ शकतो. चाराचा अर्थ सरसकट ‘पेट्रोल शून्य’ असा लावला, तर गाडी सर्वांत जास्त पेट्रोल पीत असताना मीटर शून्य दाखवेल.

४. अ‍ॅप फसते का ते पाहा

वरची चाचणी पुन्हा करावी, पण या वेळी अ‍ॅपचा ताशी लिटरचा आकडा सोबत नोंदवावा. ऑक्सिजन सेन्सर शून्याजवळ पडलेला असताना ताशी लिटरही शून्य दिसले, तर तुमच्या अ‍ॅपला फ्युएल कट ओळखता येतो आणि पुढची पायरी गाळता येईल. तिथे ०.७ ते १.१ असे काही दिसले, तर ते भुताचे पेट्रोल आहे.

त्याचा एकूण परिणाम किती होतो, हे रस्त्यावर अवलंबून आहे. समजा, २० किलोमीटरच्या प्रवासात १८ किलोमीटर गाडी लिटरला १५ च्या मायलेजने चालली आणि २ किलोमीटर ताशी ६० च्या वेगाने, इंधन तुटलेल्या अवस्थेत गेली. खरा खर्च १.२ लिटर आणि खरे मायलेज १६.७. अ‍ॅपने त्या दोन मिनिटांत ताशी १ लिटरच्या दराने ०.०३३ लिटर जास्त धरले, म्हणून ते १६.२ दाखवेल. फरक तीन टक्क्यांच्या आतला आहे आणि पुष्कळांना तो खपेलही. मात्र डोंगर उतरताना पाऊण तास बहुतेक वेळ पाय वरच असेल, तर पाऊण लिटरपर्यंत पेट्रोल कागदोपत्री जळते, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

५. फ्युएल कट ओळखण्याची अट लिहा

अनेक अ‍ॅपमध्ये आणि स्वतंत्र मीटरमध्ये ‘थ्रॉटल अमुक टक्क्यांच्या खाली असेल तर पेट्रोल शून्य धरा’ अशी सोय असते. हा आकडा अंदाजाने टाकू नये. बंद थ्रॉटल म्हणजे शून्य टक्के, असे क्वचितच असते; माझ्या गाडीत ते १३.७ होते. तीन नोंदी घ्याव्यात: गिअरमध्ये रेस सोडल्यावर थ्रॉटल किती, न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचे इंजिन चालू असताना किती, आणि सपाट रस्त्यावर हलक्या पायाने ताशी ४०–४५ ने जाताना कमीत कमी किती. माझे आकडे अनुक्रमे १३.७, १४.५ आणि १७.६ असे आले.

उंबरठा पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मध्ये, पण पहिल्याच्या जवळ ठेवावा. मी सुरुवातीला घाईत १८ टाकला. परिणामी हलक्या पायाने चालवलेला प्रत्येक किलोमीटर फुकट धरला जाऊ लागला आणि मीटरवर लिटरला ३१ चे मायलेज झळकले. आठवडाभर मी आपल्या चालवण्याच्या कौशल्यावर खूश होतो. टाकी भरताना पंपाच्या आकड्याने तो भ्रम दूर केला. पुढे १५.३ वर ठेवल्यापासून तक्रार नाही.

फक्त थ्रॉटलची अट मात्र पुरत नाही. वरच्याच आकड्यांत पाहा: उभ्या गाडीत थ्रॉटल १४.५ आहे, म्हणजे १५.३ च्या खाली, पण इंजिन तेव्हा ताशी ०.७ लिटर पेट्रोल जाळते आहे. म्हणून फेऱ्यांची अट जोडावी लागते. स्वतःचे सूत्र लिहिता येत असेल तर ते असे असावे: थ्रॉटल १५.३ च्या खाली, फेरे १,२८० च्या वर आणि वेग शून्याहून जास्त, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तरच पेट्रोल शून्य धरावे. तिसऱ्या पायरीत इंधन परत सुरू होण्याची मर्यादा काढली, ती यासाठीच. एसी लावून तीच चाचणी पुन्हा करावी, मर्यादा वर सरकत असेल तर तो वरचा आकडा घ्यावा. चार थेंब जास्त धरले गेले तरी चालतील, पण जळलेले पेट्रोल हिशेबातून सुटू नये.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या काही गाड्यांत रेस सोडल्यावरही ईसीयू थ्रॉटल स्वतःहून थोडा उघडते आणि मग हा उंबरठा काही केल्या बसत नाही. अशा गाडीत थ्रॉटलऐवजी पेडलची स्थिती (पीआयडी ४९) घ्यावी. पेडल मोकळे असतानाही तिचा आकडा शून्य नसतो, हे लक्षात ठेवून मोकळ्या पेडलचा आकडा आधी नोंदवावा. ऑक्सिजन सेन्सरच्या व्होल्टेजवरच थेट अट लिहिण्याचा मोह होतो आणि ती बऱ्यापैकी चालतेही, पण नेहमीच्या चालण्यातही तो क्षणभर ०.१ च्या खाली उतरतो, त्यामुळे मी त्याचा उपयोग अट तपासण्यापुरताच ठेवला आहे.

पाय उचलल्यापासून इंधन खरोखर तुटेपर्यंतचा अर्धा-एक सेकंद हिशेबात धरण्याच्या भानगडीत पडू नये. ताशी १ लिटरच्या दराने एका सेकंदात ०.२८ मिलिलिटर जाते. प्रवासात ५० वेळा पाय उचलला तरी १४ मिलिलिटर. इंधन परत सुरू होताना ईसीयू काही क्षण थोडे जास्त पेट्रोल देते, तेही याच मापाचे. या दोन गोष्टींच्या मागे मी एक अख्खी सुट्टी घालवली आहे आणि ती परत मिळणार नाही.

६. आता, आणि आताच, टाकीवरून गुणक काढा

हवेवरून काढलेल्या हिशेबात इतर चुकाही असतात. पेट्रोलची घनता बदलते. १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला १४.७ ऐवजी सुमारे १४.१ पट हवा लागते. एमएएफ सेन्सर थोडा कमीजास्त दाखवतो. या चुका प्रमाणात असतात, म्हणजे जितके पेट्रोल जळेल तितक्या वाढतात, म्हणून एकाच गुणकाने त्या सगळ्या सरळ होतात. भुताचे पेट्रोल तसे नाही. ते फक्त पाय वर असताना, मिनिटांच्या हिशेबाने वाढते आणि किती वाढेल हे उतारांवर ठरते. ते गुणकाने सरळ होत नाही. त्या एका रस्त्यावर झाकले जाते, इतकेच.

माझ्या बाबतीत काय झाले ते पाहा. डोंगराळ रस्त्यावरच्या एका टाकीत अ‍ॅपने ३२ लिटर खर्च दाखवला आणि पंपावर ३० लिटर बसले. मी गुणक ०.९३७५ दिला. ते जास्तीचे २ लिटर जवळजवळ सगळे उतारांवरचे भुताचे पेट्रोल होते. हवेचा बाकीचा हिशेब मुळात बरोबर होता, तोही मी सहा टक्क्यांनी कापून टाकला. मग सपाट महामार्गावर, जिथे पाय क्वचितच उचलला जातो, लिटरला १८ देणारी गाडी १९.२ दाखवू लागली.

पाचवी पायरी झाल्यावर गुणक पुन्हा १ करावा. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलने, गाडी सपाट उभी करून, नोझलचा पहिला खटका पडताच भरणे थांबवावे. दर वेळी पंपावर भरलेले लिटर आणि अ‍ॅपने दाखवलेले लिटर वहीत लिहावेत. एका टाकीवर विसंबू नये, कारण खटका अर्धा-पाऊण लिटर इकडेतिकडे पडू शकतो. तीन टाक्यांची बेरीज करून पंपाच्या लिटरांना अ‍ॅपच्या लिटरांनी भागावे. येईल तो गुणक.

अंतराचीही एकदा तपासणी करावी. अ‍ॅप गाडीच्या वेगावरून अंतर काढते आणि पीआयडी ०डी मधला वेग पूर्ण किलोमीटरमध्येच मिळतो. ४०–५० किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर जीपीएसने मोजलेले अंतर आणि अ‍ॅपचे अंतर ताडून पाहावे व फरक असल्यास त्याचा वेगळा गुणक द्यावा. पेट्रोलचा आणि अंतराचा गुणक एकमेकांत मिसळू नयेत.

मग शेवटची कसोटी: एक टाकी मुख्यतः चढउतारावर आणि एक मुख्यतः सपाट रस्त्यावर चालवावी. दोन्ही वेळा अ‍ॅप आणि पंप यांच्यातला फरक सारखाच आणि लहान राहिला, तर अट बरोबर बसली आहे. चढउताराच्या टाकीत अ‍ॅप जास्त पेट्रोल दाखवत असेल, तर काही फ्युएल कट अजून निसटत आहेत. कमी दाखवत असेल, तर उंबरठा वर आहे.

७. आकडे वाचताना होणाऱ्या चुका

फ्युएल कट ओळखता येऊ लागला, की क्षणाचे मायलेज वारंवार ९९.९ वर जाते. काही अ‍ॅप प्रवासाचे सरासरी मायलेज काढताना या क्षणांच्या आकड्यांचीच सरासरी घेतात, आणि ते साफ चुकीचे आहे. समान वेगाने अर्धा वेळ लिटरला १५ आणि अर्धा वेळ इंधन तुटलेले, अशा प्रवासाचे खरे मायलेज ३० आहे, कारण दुप्पट अंतर तेवढ्याच पेट्रोलमध्ये झाले. १५ आणि ९९.९ यांची सरासरी ५७ येते. सरासरी नेहमी एकूण अंतर भागिले एकूण लिटर अशीच असावी. अ‍ॅप कोणती पद्धत वापरते हे कळत नसेल, तर दोन्ही बेरजा पडद्यावर घेऊन एकदा स्वतः भागून पाहावे. उतार असलेल्या प्रवासात क्षणाचा आकडा मी १०० किलोमीटरला लिटर या मापात ठेवतो; तिथे शून्य म्हणजे शून्यच राहते.

आता न्यूट्रलविषयी, कारण मीटर नीट झाल्यावर प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच. न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळते तेव्हा इंजिन चाकांपासून सुटलेले असते आणि स्वतःला चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळते, ताशी ०.७ लिटर धरले, तर ६० च्या वेगाला लिटरला ८६. गिअरमध्ये खर्च शून्य, पण इंजिन गाडीला मागे ओढते आणि ती लवकर मंदावते. जिथे वेग कमी करायचाच आहे किंवा उतारावर रोखून धरायचा आहे, तिथे गिअरमध्ये राहणे पेट्रोलच्या हिशेबानेही सरस ठरते, कारण न्यूट्रलमध्ये तोच वेग ब्रेक दाबून, वर पेट्रोल जाळून घालवावा लागतो. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी अधिक लांब जाते आणि कागदावर कधी कधी थोडी बचत दिसते. मी ती करून पाहिली आणि सोडून दिली. गाडीवरचा ताबा सैल होतो, अचानक वेग हवा असेल तर तो तत्काळ मिळत नाही, काही ठिकाणी कायद्यानेही त्याला मनाई आहे, आणि लांब उतारावर इंजिनाचा आधार नसल्याने ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. किल्ली फिरवून इंजिनच बंद करण्याचा प्रयोग तर कधीही करू नये: ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोनतीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली आणखी मागे गेली तर ते लॉक होते.